चौकटीवरच्या टिकल्या

नवऱ्याच्या हातात कुरियरचं पाकीट दिसलं की माझं डोकं तापतं. आमच्या मावला गावच्या फ्लॅटमध्ये दोरी ओढून कांदा चिरायचं भांडं आहे, झोप मोजणारं घड्याळ आहे, आणि कणीक मळायचं एक यंत्र आहे, जे धुवायला कणीक मळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनीचे कागद उलथेपालथे करणारा हा माणूस घरी आला की असल्या वस्तूंत जीव रमवतो. त्या दिवशीचं पाकीट इतकं चपटं होतं की मला वाटलं, दुकानदारानं रिकामंच पाठवलं. मला मनापासून आनंद झाला.

पण आतून गोल, पांढरे, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठे स्टिकर निघाले.

"हे काय आता?"

"एनएफसी टॅग. फोन नुसता टेकवायचा, काम होते."

"मंग एक तुमच्या कपाळाले लावा. मी फोन टेकवतो अन् सिलिंडर आना म्हनतो." मी म्हटलं. आमच्या बोलीत बायाही 'करतो, जातो' म्हणतात.

नवरा माझ्या बोलण्याकडे लक्ष देत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. त्यानं जमिनीवर मांडी घालून मला समजावलं. या स्टिकरच्या पोटात धातूची बारीक वेटोळी तार असते आणि मिठाच्या खड्याएवढी चिप. बॅटरी वगैरे काही नाही. फोन जवळ आला की त्याच्याच जोरावर तो स्टिकर जागा होतो आणि आपली ओळख सांगतो. मग या स्टिकरला टेकलास की हे काम कर, असं फोनला आधी शिकवून ठेवलेलं असलं, की फोन ते काम करतो. मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवते. मला ते ऐकून मजा वाटली होती, पण तसं तोंडानं म्हटलं असतं तर पुढच्या आठवड्यात आणखी चार पाकिटं आली असती.

पलंगाजवळ एक लागला. फोन टेकवला की आवाज बंद आणि सकाळचा गजर चालू. ओट्याजवळ एक, भाताची वेळ लावायला. एक त्यानं मला न विचारता माझ्या शाळेच्या पिशवीच्या आत चिकटवला, शाळेत फोन वाजू नये म्हणून. झालं काय, की पिशवीत फोन हलला की तो मुका व्हायचा, बाजारात असू दे नाही तर माहेरी. मुख्याध्यापकांचे फोन घेतले नाहीत म्हणून मी बोलणी खाल्ली. घरी येऊन तो स्टिकर ओरबाडून काढला आणि नवऱ्याच्या चहाच्या कपाला लावला. तरी त्याचं हसू काही गेलं नाही.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये सासूबाईंचा पाय मुरगळला.

सासरे गेल्यापासून सासूबाई बेला गावाच्या रस्त्याला आत असलेल्या गावी, आमच्या भाजीच्या मळ्यात राहतात. दोन खोल्या, पुढे ओसरी, बाजूला गोठ्यात दोन बैल, मागे वांगी, टमाटे आणि सांबार. वाचणाऱ्यांनी इडलीबरोबरचं समजू नये; आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दिवसा एक गडी असतो, संध्याकाळी तो आपल्या घरी जातो. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. एक दाबलं की मुलाला, दोन दाबलं की सुनेला, अशी सोय करून दिली होती. पण कामानं जाड झालेली बोटं एका वेळी दोन बटणं दाबायची. म्हणून त्या फक्त हिरवं बटण दाबत, आणि शेवटी ज्याचा फोन आला असेल त्यालाच तो जाई. संध्याकाळी गडी गेल्यावर वांग्याच्या वाफ्यात पाय मुरगळला तेव्हा त्यांनी हिरवं बटण दाबलं, तर तो कुठल्याशा कंपनीला लागला. आमचा भाग तेलुगू राज्यात, म्हणून तिथल्या बाईनं तेलुगूत एक दाबा, दोन दाबा सांगितलं. सासूबाईंनी तिला पाय कसा मुरगळला ते सविस्तर सांगितलं. दोघींचंही समाधान झालं नाही. सकाळी गडी आला तेव्हा त्या बांधाला टेकून बसल्या होत्या आणि हाताला येईल तेवढं तण उपटत होत्या.

हाडाला काही झालं नव्हतं, पण नवरा घाबरला. घाबरला की तो कचेरीच्या भाषेत बोलतो. "पोळ्यापर्यंत मोहलत. तोवर मायचा फोन आपल्याले बरोबर लागला तं ठीक. नाई तं पोळा झाला की बैल इकायचे, मळा दुसऱ्याले बटईनं कसाले द्यायचा अन् माय इकडे आनायची."

सासूबाईंनी हे ऐकलं आणि नंतर मला चुलीपाशी गाठलं. "तुमच्या फ्लाटात मी काय करू व? तिसऱ्या माळ्यावर मातीले पायच लागत नाई."

आमच्या मजल्यावरच्या बायकांना वाटतं, सासू येऊ नये असं प्रत्येक सुनेला वाटतंच. मलाही वाटत होतं, पण कारण वेगळं होतं. सासूबाई आमच्याकडे येतात तेव्हा सोफ्याच्या अगदी कडेला बसतात आणि विचारून पाणी पितात. मळ्यात त्याच बाई मला हुकूम सोडतात, माझ्या भाकरीला नावं ठेवतात, गड्याला ओरडता ओरडता बैलाच्या मानेखाली खाजवतात. माझं आणि त्यांचं भांडण तिथे रंगतं. मला ती मळ्यातली बाई आवडते, आणि तिला आपण फ्लॅटमध्ये आणून संपवणार, या विचारानं मला रडू येत होतं.

म्हणून नवरा जेव्हा म्हणाला, "मायले टॅग लावून देऊ का?" तेव्हा लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्याच्या स्टिकरांची टिंगल केली नाही.

स्वस्तातल्या फोनमध्ये ही सोय नसते, म्हणून त्यानं आपला जुना महागडा फोन आईला दिला. फोनचं कुलूप काढून टाकलं. फोनची पाठ नेमकी कुठे टेकवायची ते कळावं म्हणून माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ती माझी एकच बाटली होती आणि त्यानं विचारलंही नाही. तरी मी गप्प बसले, यावरून मला किती गरज होती ते समजा.

मळ्यात जाऊन पहिला टॅग त्यानं पाण्याच्या मोटरच्या लोखंडी पेटीवर लावला आणि तो चाललाच नाही. लोखंडाला चिकटवला की या टॅगचं तोंड बंद होतं, हे त्याला ठाऊक होतं, पण घाईत विसरला. मग तो शेजारच्या कडुलिंबाच्या बुंध्याला लावला. फोन टेकवला की पेटीतल्या सिमकार्डाला फोन लागतो, मोटर चालू होते आणि एक बाई तेलुगूत म्हणते, "मोटर ऑन अयिंदि," म्हणजे मोटर चालू झाली. सासूबाई दर वेळी तिला उत्तर देतात, "हाव बाई, समजलं."

दुसरा टॅग ओसरीतल्या लाकडी फळीला, जिथे भाजीच्या जुड्या बांधतात. तो टेकवला की भाजी नेणाऱ्या ऑटोवाल्याला तेलुगूत संदेश जातो, आज माल आहे, या म्हणून. यानं सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मलाच टोमणा मारला, "तू मास्तरीन, तुले तेलगू लिवायले टाइम लागते. मी एका टेकव्यात लिवतो."

उरलेले दोन घराच्या सागवानी चौकटीला लावायचे होते, एक मुलाचा आणि एक सुनेचा. सासूबाईंनी जागा ठरवली. "लेक उजव्या हाताले, सून डाव्या."

"मी डावी काऊन?" मी लगेच भडकले.

"उजव्या हातात माया कायम काही ना काही असते. इळा असते, पानी असते. डावा रिकामा राह्यते. तुले जास्त फोन यीन, पाह्यजो."

त्यांनी सगळे टॅग एकदा हातानं चाचपून पाहिले. चौकटीवरचे ते गोल ठिपके बघून हसल्या. "टिकल्याच हायेत या. कपायाची गेली, आता चौकटीले आली." सासरे गेल्यानंतर कपाळाबद्दल त्या पहिल्यांदाच असं हसून बोलल्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरात टॅगला टिकली म्हणतात, नवरासुद्धा.

मग जो पावसाळा गेला त्याची गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं. रोज सकाळी मी शाळेत जायच्या गडबडीत असताना फोन यायचा. "काय करून राह्यली? बरं, ठेवतो." एवढंच. कधी "येताना खायचा चुना आन," कधी "आज वांगे लय हायेत, तुया शाळेतल्या बायायले इचार." डावी टिकली खरंच जास्त वापरात होती आणि मी ते नवऱ्याला रोज ऐकवत होते. निंदायला येणाऱ्या बायकांसमोर सासूबाई कडुलिंबाला फोन टेकवत आणि पाटात पाणी आलं की बायका टाळ्या वाजवत. एकीनं आपला फोन आणून त्याच झाडाला टेकवून पाहिला. काही झालं नाही, तेव्हा सासूबाईंनी तिला सांगितलं, "झाड ओयखीचं लागते बाई." सकाळी अंगण झाडून झालं की त्या तुळशीला पाणी घालत आणि टिकल्यांना हळदीकुंकू लावत. मी म्हटलं, "आई, ती वस्तू आहे." त्या म्हणाल्या, "वखर बी वस्तूच हाय. पूजत नाई का आपन?" मी कुंकवाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

पोळ्याच्या दिवशी मात्र सकाळी फोन आला नाही.

शाळेला सुट्टी होती. आम्ही दुपारनंतर मळ्यावर जाणार होतो, पुरणपोळीचं सगळं सासूबाई करणार होत्या. मी आधी वाट पाहिली. मग मीच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गड्याचा लावला, तो तर सणाला बंदच असतो. नवऱ्यानं पायात चप्पल सरकवली, मी तशीच अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. रस्ताभर आम्ही भांडलो. तो म्हणाला, मी आधीच मायला आणायला हवं होतं. मी म्हटलं, तुमच्या स्टिकरावर विसंबलो हे चुकलं. खरं तर घाबरलो होतो म्हणून भांडत होतो. वाटेत गावोगावी बैल धुऊन उभे होते. मी एकाही बैलाकडे पाहिलं नाही, परत फोन लावायचंही सुचलं नाही.

मळ्यात पोचलो तर समोर सगळं झगमगत होतं. बैलांची शिंगं रंगवलेली, त्यांवर सोनेरी बेगडाचे पट्टे. अंगावर झुली, कपाळाला गोंडे. वखराला बेगड, जुवाला बेगड, चौकटीला बेगड, लिंबाच्या बुंध्यालाही बेगड. आणि ओसरीत सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, पाय ठणठणीत, चेहरा लाल.

"काऊन व, फोन काऊन नाई उचलत तुमी?" त्यांनी मलाच झापलं.

"आमी? तुमी नाई उचलत!"

"मी बैलं धुवाले नाल्यावर होतो. आल्यापासून दोनी टिकल्यायले टेकवून टेकवून हात दुखला. मले वाटलं, सनाच्या दिवशी यायनं तोंड फिरवलं."

मी पायरीवर बसकण मारली. बाई धडधाकट होती आणि ओरडत होती. यापेक्षा चांगलं दृश्य त्या घडीला जगात दुसरं नव्हतं.

नवऱ्याची भीती मात्र उतरली नाही, तिचा राग झाला. त्यानं फोन घेतला, उजव्या टिकलीला टेकवला. काही नाही. डाव्या टिकलीला, काही नाही. लिंबाला, फळीला, कुठेच काही नाही. मग तो ओट्यावर बसून फोनच्या पोटात शिरला. काय काय बंद केलं, चालू केलं, काढलं, परत टाकलं. बैल कंटाळून शेपट्या उडवत होते. शेवटी त्यानं फोन बाजूला ठेवला.

"मा, हे बंद पडलं. आज सन होता म्हनून आमी येनारच होतो. उद्या पाय घसरला अन् टिकल्या अशाच मुक्या राह्यल्या तं? बस झालं आता. परवा बैलायसाठी गिऱ्हाईक पाह्यतो."

मला वाटलं, आता सासूबाई आकाशपाताळ एक करतील. पण त्यांनी बैलांसाठी काढलेल्या ताटातली पुरणपोळी उचलली, अर्धी एका बैलाला दिली, अर्धी दुसऱ्याला. त्याच्या ओठाला लागलेलं पुरण पदरानं पुसलं. मग मान वर न करता विचारलं, "एकाच घरी जातीन का दोघं?"

नवऱ्यानं बाजूला ठेवलेला फोन परत उचलला आणि पुसत बसला. मला त्याचा राग आला, त्या फोनचा आला, आणि ज्या बाईनं मला इतकी वर्षं एकही भांडण जिंकू दिलं नाही ती अशी मुकाट हरते आहे याचा सगळ्यात जास्त आला. मी उठून चौकटीला टेकले. रागात माझी बोटं स्वस्थ बसत नाहीत. नखानं मी चौकटीवरचं बेगड खरवडत होते. खळ अजून ओली होती, तुकडा सुटून माझ्या नखावर आला. वरून सोनेरी, मागून चांदीसारखा. मी तो दुमडला तर तो दुमडलेलाच राहिला. मी रोज पोरांना धातू शिकवते. हा कागद नव्हताच, हा पत्र्याचा सख्खा पुतण्या होता.

"आई, टिकल्यांवर बेगड कोनं लावलं?"

"मीच लावलं. कोन लावीन?" त्यांचा आवाज परत चढला. "बैलायले लावलं, वखराले लावलं. या टिकल्या पावसाळाभर राबल्या, रातदिस नाई पाह्यलं. पोया त्यायचा बी हाय. त्यायलेच उघडं ठेवू का?"

मला इतकं हसू फुटलं की बैल दचकले. नवऱ्यानं जन्मभर बेगड चिकटवलं होतं. त्याच्या लेखी तो सणाचा कागद होता, कागदातून फोनला काय अडचण? पेटीच्या लोखंडाला शिव्या घालणारा माणूस सोनेरी पत्र्यावर फोन घासत बसला होता. मी डाव्या टिकलीवरचं बेगड अलगद सोलून काढलं, खाली पांढरा गोल दिसला. फोन सासूबाईंच्या हातात दिला.

"लावा बरं आता."

त्यांनी आधी टिकलीला हात लावून कपाळाला लावला, मग नेलपॉलिशचा ठिपका तिच्यावर टेकवला. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. नवरा ताडकन उठून उभा राहिला. मी हसत हसत फोन कापायला गेले.

"कापू नको," सासूबाई म्हणाल्या. "उचल."

मी उचलला. त्यांनी आपला फोन कानाला लावला, आमच्याकडे पाठ केली आणि वांग्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सासरे गेल्यापासून त्यांनी मुलाला तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. घरातला पुरुष तोच उरला होता ना.

"हॅलो. कोन, सूनबाई का?"

"हाव आई, बोला."

"तुया नवऱ्याले सांग." त्यांचा आवाज मला फोनमधून ऐकू येत होता आणि समोरूनही. "त्याले म्हन, मी कुठी येत नाई. बैलं इकत नाई. टिकली बंद पडली होती, मी नाई बंद पडलो."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. "तुमचा हाय," म्हटलं.

त्यानं तो कानाला लावला. समोर आईची पाठ होती, हात लांब केला असता तर लागली असती.

"मा," तो फोनमध्ये म्हणाला. "बरं. राह्य तू इथीच."

सासूबाईंची पाठ हलली नाही. पदराचं टोक मात्र डोळ्यांकडे गेलं. मग नवरा फोनवर आईला जे रोज विचारतो तेच त्यानं विचारलं. "जेवली का?"

"नाई जेवलो. तुमच्यासाठी थांबलो. कवा येता?"

"आलोच," तो म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून तिच्याकडे गेला.